तीन बोटं

पुस्तकात सातशे पानं बरं करण्याची,
आणि अगदी शेवटी अकरा पानं
बरं न होणाऱ्यांची.
त्यांवर पाच मार्कांचा एकच प्रश्न यायचा.
आम्ही तो ऑप्शनला टाकायचो.

ड्युटीच्या यादीत नावं लागली तेव्हा
केमिरेम्बे म्हणाली, मी बाळंतपणं शिकायला आलेय,
हे काय मध्येच.
मुगुमेने विचारलं, पण तिथे करायचं काय असतं?
सिस्टर बिराबवा हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
म्हणाल्या, गाडी सातला सुटेल.
चिखलात चालतील असे बूट घाला.

म्बराराहून तासभर रस्ता,
मग मटोकेच्या बागांतून पायवाट,
पानांवरचं दव थेट मानेत.
मातीच्या घरात गादीवर कातुरामू,
आजार हाडांत उतरलेला,
आणि तरी आधी त्यांनी विचारलं
आमच्या घरचे कसे आहेत,
गुरं कशी आहेत.
माझ्या घरी गुरं नाहीत. बरी आहेत, म्हणाले.

मग मी पाठ केलेलं बोलले:
मूठ म्हणजे दुखत नाही,
पाच बोटं म्हणजे सोसवत नाही,
आजोबा, तुमचं किती?
त्यांनी उजवा हात वर केला.
तीन.
मी फॉर्मवर तीन लिहिलं, पुढे 'मध्यम',
अक्षर माझं चांगलं आहे.
पाण्याच्या जुन्या बाटलीतलं हिरवं औषध
मध्यम दुखण्याइतकं मोजून दिलं,
लेकीला वेळा समजावल्या,
आणि परतताना गाडीत मला झोपही लागली.

चौथ्या दिवशी लेक वाटेतच भेटली.
काही बोलली नाही.
हातातली चादर तिने उलगडून दाखवली,
तिचा काठ दातांनी कुरतडलेला.

सिस्टर त्यांच्याजवळ खालीच बसल्या,
तो उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला,
दारातून येणाऱ्या उजेडाकडे वळवला.
करंगळी नव्हती. तिच्या शेजारचंही नव्हतं.
लाकडाच्या गिरणीत गेलेली,
लेकीच्या जन्माआधी.
तीन, सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
कितीपैकी?

होती तेवढी सगळी
त्यांनी मला दाखवली होती.

मला राग आला, खरं सांगते, त्यांचाच.
डावा हात का नाही वर केला मग?
कातुरामू ओशाळले.
पोरी, पाहुण्यासमोर
डावा हात कसा करायचा?

फॉर्म खोडताना कागद फाटला.
सिस्टरांनी नवा दिला नाही.
औषध तूच मोज, म्हणाल्या,
आणि मी मोजलं, हात थरथरत होता म्हणून
दोनदा मोजलं.
पाऊण तासाने त्यांच्या कपाळाची घडी
एका बाजूने सुटत गेली.
मग त्यांनी गाय मागितली.
बिहोगो. गडद तांबडी.
मुगुमे तिला ओढत दारापर्यंत घेऊन आला,
शिंगं एवढी लांब की चौकटीत मावेनात,
मान तिरकी करून तिने जेवढं येईल तेवढं डोकं आत घातलं
आणि फुस्सकन् श्वास सोडला.
घरभर गवताचा वास.
केमिरेम्बे हसत होती, डोळे पुसत होती,
मला म्हणाली, हे कुठल्या पानावर आहे गं?

पुढचे पाच आठवडे दर मंगळवारी गेलो.
शेवटच्या खेपेला मी काही विचारायच्या आत
त्यांनी हात उचलला, तीन बोटं मिटलेली.
मूठ होती की नमस्कार,
की नुसताच हात जड झाला होता,
मला ठरवता आलं नाही.
फॉर्मची ती चौकट मी रिकामी सोडली.

परीक्षेत तो प्रश्न मी पहिला सोडवला.
चार पुरवण्या लावल्या.
गाय लिहिली, चादर लिहिली, उजेड कुठून येत होता तेही.
तपासणाऱ्याने समासात लाल शेरा मारला,
'मुद्देसूद लिहावे',
आणि मार्क दिले तीन.
कितीपैकी, ते शेजारी
छापलेलंच होतं.